जनताचे गंजलेले स्क्रू व्हिनेगरमध्ये ठेवले, आता काळपट झालेत

सागरतीर
वडिलांचं एचएमटी जनता घड्याळ, चावीचं. मालवणला पत्र्याच्या पेटीत अकरा वर्षं पडून होतं. झाकण उघडलं तर मशीन बरं, पण तीन स्क्रू तांबूस. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले. गंज गेला, पण आता काळपट राखाडी दिसतात, माथ्यावर बारीक खड्डे. चकाकी कशी आणू? चिमट्यात धरला की उडतो. काल एक फरशीवर उडाला, अर्धा तास लोहचुंबक घेऊन रांगत होतो.

टिकटिक
तुरटीच्या गरम पाण्यात टाका. आमच्या गल्लीतला घड्याळजी तेच करायचा.

पायरीवरचा
थांबा, तुरटी नको! तुटलेला स्क्रू पितळेत अडकला की तुरटी वापरतात, कारण ती पोलाद खाते आणि पितळेला सोडते. तुमचा चांगला स्क्रूच खाईल. माझ्या वडिलांचं टेबल एका कापड दुकानाच्या पायरीवर होतं. तिथे मी एकदा मशीनची पितळी पट्टी तुरटीत बुडवली, तिच्यावरची बारीक पोलादी कमान (स्प्रिंग) काढायची राहिली. सकाळी कमानीच्या जागी काळा गाळ. गिऱ्हाइकाला काय सांगितलं ते वडिलांनाच ठाऊक.

आता तुमचं. रात्रभर फार झालं, दर दहा मिनिटांनी बघायला हवं होतं. स्क्रू खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, धुवा, लगेच वाळवा. खाचेतला मळ टोकदार बांबूच्या काडीने काढा, सुईने नको, कडा ओरखडते.

पॉलिशला त्रिपाई करा. पितळेच्या जाड पट्टीला दोन स्क्रूचे पाय, तिसरा पाय म्हणजे तुमचा स्क्रू, माथा खाली. तिन्ही टोकं एका पातळीत आली तरच माथा सपाट घासला जातो. हाताने धरलात तर कडा गोल होणारच. काचेवर १००० चा पॉलिश पेपर, मग २०००, शेवटी जस्ताच्या पत्र्यावर हिऱ्याची पेस्ट, अगदी टिचकीभर. पेपर बदलताना सगळं पुसा, जाड कण एकही राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. खोल खड्ड्यांच्या मागे लागू नका, माथा पातळ होऊन खाच उथळ होते.

एका कोनातून काळा आणि जरा हलवला की पांढरा लखलखीत दिसला, की झालं.

सागरतीर
आभार! त्रिपाई केली. दोन छान झाले. तिसऱ्याचा खड्डा खाचेपर्यंत गेलाय. आणि निळे करू का?

पायरीवरचा
तिसरा भंगारातल्या जनतातून घ्या. निळ्यासाठी पितळेच्या कीसावर साधारण तीनशे अंशांपर्यंत तापवतात. आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. जांभळ्यानंतर डोळा लवला तर हातातून गेलाच. पण जनताला निळे कशाला? वडिलांचं घड्याळ आहे, पांढरेच ठेवा.

आणि हो, चावीच्या चाकाचा स्क्रू अजून काढला नसेल तर थांबा. बऱ्याच मशीनमध्ये तो उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे उजवीकडे फिरवला की सुटतो, डावीकडे फिरवला की घट्ट होतो. माथ्यावर तीन रेघा दिसल्या तर नक्की उलटा समजा.

सागरतीर
तीन रेघा आहेत. मी काल तोच जोर लावून घट्ट करत होतो तर.