पोहण्याच्या व्यायामासाठी तुमच्याकडचा तलाव कसा आहे? अनुभव लिहा

निळीरेघ
परवा खिडकीत उभी होते आणि समोरच्या तलावावर बॅच संपल्याची लांब शिट्टी वाजली. त्या शिट्टीने मला थेट डेक्कनला नेलं. टिळक टँक, उन्हाळ्याची सुट्टी, कठड्याला धरून नुसते पाय मारायचे आणि सर वरून ओरडायचे, "गुडघ्यातून नको, मांडीतून मार!" पाणी गार, खोल, आणि बाहेर आलं की कडकडून भूक. पुण्यातल्या कितीतरी घरांत आई आणि मुलगी दोघी तिथेच शिकलेल्या असतात.

आता चाळिशीनंतर पुन्हा नियमित पोहते, व्यायाम म्हणून. पुण्यातले आणि पिंपरी-चिंचवडमधले बरेच तलाव पालथे घातले. त्यावरून माझं मत पक्कं झालंय: टाइल्स, गरम शॉवर, पार्किंग हे सगळं नंतर. आधी बघायचं की सलग पोहायला मोकळी लेन मिळते का. ४५ मिनिटांच्या बॅचमधली पहिली काही मिनिटं कपडे आणि शॉवरमध्ये जातात, शेवटी शिट्टीची घाई. उरलेल्या अर्ध्या तासात सारखं कुणी आडवं आलं तर दम वाढणार कसा?

बालेवाडीचं संकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेलं, २००८च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धाही तिथेच झाल्या. तिथल्या ५० मीटर तलावात पोहल्यावर कळलं की २५ मीटरमध्ये भिंतीला पाय लावून ढकलताना आपल्याला किती आराम मिळत असतो. किलोमीटर तोच, २५ मीटरमध्ये ४० फेऱ्या आणि ५० मीटरमध्ये २०, पण खांदे लगेच सांगतात.

तुमच्याकडे काय परिस्थिती? लेन, वेळ, पाणी, बायकांच्या बॅचेस, कोच, सगळं लिहा.

लोकलकर
रुमाल टाकून ठेवतो. गाडीत जागा मिळाली की लिहितो.

सकाळची_पाळी
शिवाजी पार्कचा महात्मा गांधी तलाव! महापालिकेचा, ऑलिम्पिक मापाचा. चेंबूर आणि कांदिवलीलाही महापालिकेचे आहेत, पण माझा जीव दादरमध्ये. पहाटेच्या बॅचला जा. त्या वेळी येणारे बहुतेक वर्षानुवर्षांचे मेंबर, प्रत्येकाचा वेग एकमेकांना माहीत. मागून कुणी जोरात येतोय कळलं की भिंतीशी थांबून त्याला पुढे सोडतात, कुणी सांगावं लागत नाही. मे महिन्यात मात्र शिकणाऱ्या मुलांची झुंबड असते. त्यांनी शिकायलाच हवं, म्हणून त्या महिन्यात मी तक्रार न करता किक बोर्ड (हातात धरायची तरंगणारी फळी) घेऊन कडेने पाय मारत बसतो. पोटऱ्या मस्त तयार होतात.

रांगडा_गडी
आमच्याकडे तलाव म्हणजे विहीर. पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा आणि काकांनी ढकलायचं. आठवड्यात डबा सुटायचा. मग मुटका (अंग मुडपून मारलेली उडी), सूर, तळातली माती वर आणून दाखवायची. दम भरपूर, भीती शून्य.

पण कोल्हापुरात नोकरीला लागल्यावर रंकाळ्याजवळच्या अंबाई टँकवर गेलो तर चार फेऱ्यांत धापा. तिथल्या कोचनी एका नजरेत ओळखलं, "विहिरीतला दिसतोस, मान वर." मान वर राहिली की कंबर आणि पाय खाली जातात, मग सगळी ताकद पाणी ढकलण्यात. त्यांनी काही दिवस मला हातच मारू दिले नाहीत. तोंड पाण्यात, बुडबुडे सोडायचे, मान फक्त कुशीवर वळवून श्वास. हे जमलं आणि त्याच दमात अंतर दुप्पट झालं. विहिरीवाल्यांनो, दम आहे तुमच्यात, फक्त डोकं पाण्यात घाला.

आणि हो, वीरधवल खाडे आमच्या कोल्हापूरचा. २०१० ग्वांगझू एशियाड, ५० मीटर बटरफ्लाय, ब्राँझ. सांगून ठेवतो.

ठाणेकरीण
@रांगडा_गडी मुटका!! माझे बाबा अजून भाच्यांना शिकवतात. सूर मारताना पोट आपटलं की लाल व्हायचं ते आठवलं.

गोदाकाठ
नाशिकला त्र्यंबक रोडचा सावरकर तलाव. मोठा आहे, चांगला आहे. पण मला बायकांच्या बॅचबद्दल बोलायचंय, फक्त नाशिक नाही, सगळीकडचं. वेगवेगळ्या गावांत राहिले, एका तलावावर (नाव नको) बायकांची वेळ होती दुपारी ३. ऑफिसवाल्या बाईने ३ वाजता कसं यायचं? शाळा सुटायची वेळ, ऊन डोक्यावर. मग बायका कमी येतात, आणि कमी येतात म्हणून बॅच बंद करायची भाषा. आम्ही पंधराएक जणींनी सह्या करून अर्ज दिला, दोन-तीन चकरा मारल्या, आणि सकाळी ७ची एक बॅच मिळवली. ती कायम भरलेली असते. जिथे अशी अडचण आहे तिथे लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून काही हलत नाही.

नवी_बेडकी
वाचतेय. माझं वय ५३, गुडघे बोलतात, डॉक्टर म्हणाले पोहा. पाण्यात कधी उतरलेली नाही. आणि कपड्यांचं काय, टीशर्ट चालतो का?

गोदाकाठ
@नवी_बेडकी टीशर्ट नको ताई, सुती कपडा पाणी पितो, जड होतो, त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात, म्हणून आत सोडतच नाहीत. गुडघ्यापर्यंत किंवा घोट्यापर्यंतचे पूर्ण बाह्यांचे स्विमसूट मिळतात, नायलॉनचे. माझ्या बॅचला साठीच्या पुढच्या दोघी आहेत, दोघी तेच घालतात. आधी उथळ भागात छातीभर पाण्यात नुसतं चाला. वजन पाणी घेतं, गुडघ्यावर भार खूप कमी येतो, पण मांड्या आणि कंबर व्यवस्थित कामाला लागतात. पोहणं त्यातूनच पुढे येईल. घाई करू नका.

नवी_बेडकी
खूप धीर आला गं. उद्या चौकशी करते.

म्युनिकवासी
आमच्याकडची ऑलिम्पिक श्विमहाले. १९७२ला मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदकं जिंकली तो तलाव, आणि तिकीट काढून कुणीही जावं. मी पहिल्या दिवशी कडेला बराच वेळ नुसता उभा होतो. सलग पोहणाऱ्यांसाठी लेन वेगळ्या असतात, उजव्या बाजूने जायचं, उजव्या बाजूने परत, त्यामुळे एका लेनमध्ये सहा जण असले तरी टक्कर नाही. मोकळी लेन म्हणजे रिकामी लेन नव्हे, शिस्तीची लेन. हे एवढं आपल्याकडच्या तलावांवर पाटी लावून करता येईल, पैसा लागत नाही.

त्याच वर्षी जर्मनीतच, हायडेलबर्गला, आपल्या मुरलीकांत पेटकरांनी पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. ६५च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान. त्यांचं नाव इथल्या मुलांना मी आवर्जून सांगतो.

रांगडा_गडी
पेटकर सांगली जिल्ह्यातले! पेठ इस्लामपूर! शेजार आमचा.

मांडवीकाठ
पणजीहून. कांपालचा तलाव ५० मीटर, उघड्यावर, ऊन उतरल्यावर जावं. गोव्यात आयर्नमॅन ७०.३ होते, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत (ट्रायथलॉन), त्यात मिरामारच्या समुद्रात १.९ किमी पोहायचं, त्यामुळे ट्रायथलॉनवाले कायम दिसतात. त्यांच्यासोबत सराव करून एक कळलं: तलावात तळाला काळी रेघ असते, समुद्रात काहीच नाही. आठ-दहा हातांनी एकदा मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढून खूण बघायची, आणि त्याच हाताला श्वास. ही सवय तलावातच लावून घ्या, समुद्रात उतरल्यावर नाही. मालवणला चिवला बीचवर स्पर्धा होतात, लहान पोरंसुद्धा सुंदर पोहतात तिथे. नवख्यांनी एकट्याने समुद्रात कधीही जाऊ नये, कितीही दम असो.

ठाणेकरीण
कुणी क्लोरिनबद्दल सांगेल का? आमच्या तलावावर वास फार येतो, डोळे चुरचुरतात. क्लोरिन जास्त टाकतात वाटतं.

रसायन_मास्तर
@ठाणेकरीण बहुतेक वेळा उलट असतं. घाम, लघवी, अंगाचं तेल यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, तो उग्र वास आणि चुरचुर त्यांची. स्वच्छ पाण्यात योग्य क्लोरिन असेल तर वास अगदी मंद. म्हणून पाण्यात जाण्यापूर्वी साबणाने आंघोळ, नुसतं पायावर पाणी नव्हे. आणि केस साध्या पाण्याने आधीच ओले करून टोपी घाला, मग तलावाचं पाणी कमी शोषतात. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स लावून पोहू नका.

ठाणेकरीण
हे बॅचच्या ग्रुपवर टाकते. मुलांना शू करून यायला लावा म्हणून आम्ही रोज ओरडतोच.

लोकलकर
बसायला मिळालं शेवटी! माझ्यासारख्या वेळ नसलेल्यांसाठी: अर्ध्या तासात मी २०० मीटर सावकाश, मग ५० मीटर जोरात आणि २० सेकंद भिंतीला, असं आठ वेळा, मग १०० किक बोर्ड, शेवटी १०० सावकाश. पूर्वी नुसत्या फेऱ्या मोजायचो, वजन आणि वेग दोन्ही तिथेच. आता एका फेरीत हात किती लागले तेही मोजतो. हात कमी झाले की समजायचं, पाणी नीट पकडलं जातंय.

निळीरेघ
@लोकलकर हे उद्याच करून बघते. @म्युनिकवासी उजव्या बाजूच्या पाटीची कल्पना मी आमच्या व्यवस्थापकांना देणार आहे, शनिवारी भेट ठरलीय. पुण्यातलं कुणी सोबत येतंय का? चार जण असलो तर बरं पडेल.

सिंहगड_रोड
मी येतो. अर्जाचा मसुदा @गोदाकाठ यांनी दिला तर छापूनच आणतो.

गोदाकाठ
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. तारीख आणि पोचपावतीचा शिक्का घ्यायला विसरू नका.