गूगलकडे तक्रार करण्याआधी

कुणी तुमच्या वेबसाइटची नक्कल केली, तर गूगलला कळवलं की ती चोरलेली साइट बंद होते, असा समज असतो. तसं होत नाही. १९९८ च्या डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याखाली गूगल ते पान फक्त शोधनिकालांतून काढतं. साइट तशीच चालू राहते, म्हणून ती साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंग कंपनीलाही वेगळी नोटीस पाठवा.

'माझं डिझाइन ढापलं' एवढं लिहून भागत नाही. वर मेन्यू, बाजूला रकाना ही मांडणी कुणाच्याच मालकीची नसते. पण महिनोन्‌महिने खपून लिहिलेला मजकूर, काढलेले फोटो, आयकॉन, कोड हे तुमचंच. नेमकं काय उचललंय ते दोन्ही पानांच्या लिंकसकट दाखवा. समोरच्याने प्रतिनोटीस, म्हणजे तुमची तक्रार चुकीची असल्याचं लेखी उत्तर, दिली आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत पान परत येऊ शकतं. रागाच्या भरात खोटा दावा मात्र नको, जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीची भरपाई द्यावी लागते.