जखमेत अळ्या: घरून आल्या की वॉर्डात पडल्या?

खारा_वारा:
मामांना शुगर आहे, पायाच्या जखमेसाठी गुरुवारी सरकारी दवाखान्यात अ‍ॅडमिट केलं. शुक्रवारी ड्रेसिंग झालं तेव्हा मी शेजारीच उभा, जखम घाण होती पण अळी एकही नव्हती. रविवारी पट्टी सोडली तर आत वळवळ! कणीच्या तांदळाएवढ्या, पांढऱ्या, तोंड आत खुपसून बसलेल्या. आणि वॉर्डातले काय म्हणतात, तर तुम्ही घरूनच आणल्यात. अहो, माशीची अंडी साधारण दिवसभरात फुटतात, मग शुक्रवारी नव्हत्या आणि रविवारी आहेत म्हणजे माशी कुठे बसली? सरळसरळ निष्काळजीपणा आहे हा.

रात्रपाळी:
दादा, मी स्वतः सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे. रात्री 45 पेशंटना आम्ही दोघी. खिडक्यांना जाळ्या बसवा म्हणून लिहून लिहून हात दुखले. आणि नातेवाईक काय करतात तेही सांगते, खाटेखाली डबा उघडा, केळ्याची सालं तिथंच, वर 'बघू सुकली का' म्हणून पट्टी उचकटणार. माशीला तेवढंच पुरतं, एका बैठकीत शे-दीडशे अंडी घालून मोकळी. कित्येक जण तर येतानाच हळद न् राख भरून येतात, ती धुतली की खाली पेरभर अळ्या. त्या पाच-सहा दिवसांच्या असतात, त्या पण आमच्याच माथी.

बांधावरून:
आमच्या बैलाच्या खांद्यात पडल्या होत्या, सीताफळाचा पाला ठेचून भरला, झालं काम. एवढा गहजब कशाला? अळ्या सडकंच मांस खातात, परदेशात मुद्दाम सोडतात म्हणे जखमेत.

भिंगवाला:
@बांधावरून, गल्लत होतेय भाऊ. पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर या अमेरिकन सर्जनने पाहिलं होतं, सात दिवस रणांगणात पडलेले सैनिक, जखमेत अळ्या, पण ताप नाही. त्यातून ती थेरपी आली, अमेरिकेत 2004 मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, परवानगीही दिली. पण त्या लुसिलिया जातीच्या माशीच्या, लॅबमध्ये निर्जंतुक वाढवलेल्या, मोजून सोडायच्या न् दोन-तीन दिवसांत काढायच्या. आपल्याकडे बऱ्याचदा सापडते ती क्रायसोमिया बेझियाना या माशीची अळी, ती जिवंत मांस पोखरत आत जाते. नाकात पडल्या तर फार वाईट. आणि पाला बैलाला ठीक, माणसाला नको. डॉक्टर टर्पेंटाइनचा बोळा ठेवतात, गुदमरून वर आल्या की चिमट्याने एकेक काढतात, कधी आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारायचं औषध देतात.

बांधावरून:
बरं बाबा. पण बैल अजून औताला चालतोय एवढं सांगतो.

खारा_वारा:
@रात्रपाळी, ताई, जाळीचं मान्य, डब्याचंही मान्य, आमची मामी रोज भाकरी तिथंच सोडायची. पण एक सांगा. शुक्रवारी माझ्याच हातून पट्टीवर चहा सांडला होता, घोट्याजवळ मोठा तपकिरी डाग. केसपेपरवर शनिवारी 'ड्रेसिंग केले' लिहिलंय, खाली सही आहे. रविवारी सोडलेल्या पट्टीवर तोच डाग होता.

रात्रपाळी:
मग त्या सहीची बाजू मी घेणार नाही. केसपेपरचा फोटो काढून ठेवलाय का?