मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या बचत गटात नव्या सुनांना कसं घ्यायचं?

नमस्कार मंडळी, आमचा महिला बचत गट नऊ वर्षांचा झाला. बारा जणींनी सुरुवात केली, महिना 200 रुपये. आता उरलोय नऊ. पंचसूत्री आम्हाला पाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. बँकेचं कर्जही दोनदा वेळेत फेडलं.

आता वाडीतल्या तीन सुना गटात यायचं म्हणतात. घ्यायला हव्याच, कारण गटात साधारण किमान दहा जणी लागतात आणि आम्ही नऊच उरलोय. पण जुन्या प्रत्येकीची नुसती बचत 21,600 रुपये झालीये, वर व्याजाचा नफा वेगळा. नवीन बाई एवढे एकरकमी कुठून आणणार? मागच्या बैठकीत यावरून इतकं वाजलं की चहा तसाच निवला, आणि एक काकू "मग माझे पैसे द्या" म्हणून पासबुक आपटून गेल्या. (दुसऱ्या दिवशी कुरडयांचा चीक ढवळायला मात्र सगळ्यात आधी त्याच हजर!)

तुमच्या गटात काय केलंत? जुनी बचत आणि नफा आधी वाटून टाकून सगळ्यांना शून्यापासून धरलं, की नवीन सदस्यांनी हप्त्याने बरोबरी केली? मला पहिलं सरळ वाटतं, पण मग अंतर्गत कर्जाला पैसाच उरत नाही.

आणि हो, नऊ वर्षं वह्या मीच लिहितेय. दुसरीला हे काम घ्यायला कसं लावलंत, तेही सांगा.