भरती करा, पण बीटवर टिकवा

'पोलीस वाढवा, गुन्हे आपोआप कमी होतील' असं म्हणतात, पण हा मुद्दा मला अर्धाच पटला. अमेरिकेत कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये १५ बीटचे (म्हणजे गस्तीसाठी पोलिसांना ठरवून दिलेल्या भागांचे) तीन गट करून पाहिलं होतं. एका गटात नेहमीची गस्त बंद, दुसऱ्यात होती तेवढीच, तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट गाड्या. गुन्ह्यांत लक्षणीय फरक पडला नाही. लोकांच्या भीतीतही नाही! गाडीतून भुर्रकन जाणारा पोलीस कोणाला ओळखणार?

पायी गस्तीचं मात्र वेगळं आहे. अमेरिकेतल्याच नुअर्क शहरात १९७८-७९ ला पायी गस्त घातली, तर गुन्हे फारसे घटले नाहीत, पण लोकांना सुरक्षित वाटू लागलं. फिलाडेल्फियात २००९ च्या उन्हाळ्यात हिंसक गुन्ह्यांच्या नेमक्या ६० ठिकाणी पायी पोलीस दिले. तिथे, तुलनेसाठी निवडलेल्या तशाच ठिकाणांच्या मानाने हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी घटले. गस्त थांबल्यावर तो परिणाम ओसरला, हेही सांगायलाच हवं.

म्हणून भरतीला माझा विरोध नाही, पण नवी माणसं जाणार कुठे ते आधी ठरवा. बंदोबस्त, कोर्टाची कामं, कागदपत्रं यांतच ती अडकली तर मोहल्ल्याला काय मिळालं? शिवाय बीटवरच्या पोलिसाला निदान दोन-तीन वर्षं हलवू नका. कुठल्या गल्लीत दिवा बंद असतो, कोणत्या घरातून भांडणाचे आवाज येतात, हे कळायलाच काही महिने जातात. तेवढ्यात बदली झाली की नवा माणूस पुन्हा शून्यापासून.

आणि बढतीच्या वेळी नुसत्या अटका मोजल्या, तर लोकांशी बोलत फिरणारा पोलीस कायम मागेच राहणार.