प्रति: आग्फा इसोलेट या घडीच्या फिल्म कॅमेऱ्याच्या फोटोंवर पांढरट डाग

प्रिंटवर प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी डाग येतोय म्हणता, तर दोष लॅबचा नाही, भात्याचा, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याची पेटी जोडणाऱ्या घड्यांच्या पडद्याचा; त्याच्या भोकांतून उजेड आत शिरतोय. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून आत छोटा एलईडी टॉर्च धरा आणि भाता पूर्ण ताणून घड्यांचे कोपरे बघा. आग्फा इसोलेटचे भाते हमखास तिथेच फुटतात. भोकांवर काळा फॅब्रिक कलर, पातळ, दोन हात. जाड थर दिलात तर घड्या एकमेकींना चिकटतील. पूर्ण वाळेपर्यंत मिटू नका.

आणखी एक: आधी कॅमेरा हळू उघडा, मगच फिल्म पुढे सरकवा. झटक्यात उघडला की भाता हवा ओढतो, फिल्म पुढे फुगते, फोकस जातो.

पुण्याच्या पावसाळ्यात चामड्याची केस म्हणजे बुरशीला आयतं घर. हवाबंद डबा आणि सिलिका जेल वापरा.