युरेशियन संघात शिरून किरगिझस्तानने काय कमावलं?

मुलुंडकर: भारत आणि युरेशियन आर्थिक संघ (रशिया, बेलारूस, कझाकस्तान, आर्मेनिया आणि किरगिझस्तान यांचा व्यापारी गट) यांच्यात मुक्त व्यापार कराराची बोलणी सुरू करायच्या अटींवर ऑगस्ट 2025 मध्ये सह्या झाल्या. त्या निमित्ताने विचारतो. किरगिझस्तान या संघात ऑगस्ट 2015 मध्ये गेला आणि माझ्या मते फसला. राजधानी बिश्केकजवळचा दोर्दोई बाजार बघा: एकावर एक कंटेनर, खाली गाळा, वर गोदाम. चिनी कपडे-चपला चीनच्या सीमेवरच्या तोरुगार्त आणि इर्केश्तामच्या खिंडींतून कमी शुल्कात यायच्या आणि पुढे कझाकस्तान-रशियाला विकल्या जायच्या. कमाई सगळी शुल्कातल्या फरकाची. बाहेरच्या मालाला सर्व सदस्यांचा दर एकच झाला, की मधल्या बाजाराकडे कोण फिरकणार?

गिरगावकर: तुमची तारीख चुकतेय. दोर्दोईला फटका त्याआधीच बसला. रशिया, बेलारूस, कझाकस्तान यांनी 2010 मध्ये बाहेरच्या मालावर समान शुल्क लावलं आणि कझाक सीमा किरगिझ मालासाठी आवळली गेली. बाहेर राहून जुना धंदा टिकलाच नसता. आणि मजुरांचं काय? संघाबाहेरच्या, म्हणजे उझबेक-ताजिक मजुराला रशियात दर महिन्याला पैसे भरून ‘पेटंट’ हा कामाचा परवाना चालू ठेवावा लागतो, भाषेची परीक्षा वेगळी. किरगिझ मजूर थेट नोकरीचा करार करतो. ज्या देशाची घरं रशियातून येणाऱ्या पैशांवर चालतात, तिथे हे बाजारापेक्षा मोठं.

मुलुंडकर: परवाना गेला, पोलिसांचा जाच कुठे गेला? मार्च 2024 मध्ये मॉस्कोजवळच्या क्रोकस सभागृहावर ताजिक हल्लेखोरांनी केलेल्या हल्ल्यानंतर मध्य आशियाई चेहरा दिसला की अडवणूक, मग पासपोर्ट किरगिझ असो की ताजिक. आणि महागाई? जपानच्या जुन्या गाड्यांवरचं शुल्क वाढलं, ते गिऱ्हाइकाच्याच खिशातून गेलं.

वाशीकर: दोघेही शुल्कावर अडलात. माल अडतो तो कागदांवर. दूध-मांस संघात विकायचं तर जनावराची नोंद, पशुवैद्यकीय दाखला, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणि मंजूर कारखान्यांच्या यादीत नाव, एवढं सगळं लागतं. यातलं एक जरी नसलं तरी शून्य शुल्काचा उपयोग शून्य. किरगिझस्तान आत गेला तेव्हा त्याच्या प्रयोगशाळाच तयार नव्हत्या. म्हणजे क्रम उलटा झाला: आधी प्रयोगशाळा, मग सही हवी होती.

शिवाय ऑक्टोबर 2017 मध्ये राजकीय भांडण पेटलं आणि कझाकस्तानने सीमेवर तपासणी एवढी वाढवली की ट्रकांच्या रांगा लागल्या. भाजी-दूधवाल्याला तीन दिवसांचा उशीर म्हणजे गाडीभर नुकसान. कारण काय सांगितलं, तर तस्करी!

गिरगावकर: प्रयोगशाळांचं मान्य. पण तिजोरीचंही बोला. आयात शुल्क एकत्र जमा होऊन ठरलेल्या टक्क्यांनी वाटलं जातं, सुरुवातीला किरगिझस्तानला 1.9 टक्के मिळाले. आपल्याकडे 2017 मध्ये जकात गेली, तेव्हा पालिकेला राज्याकडून भरपाईच घ्यावी लागली. इथे निदान वाटणीत हक्काचा हिस्सा आहे.

वाशीकर: हिस्सा आहे, पण दर ठरवायची मोकळीक गेली. जागतिक व्यापार संघटनेत किरगिझस्तान 1998 पासून आहे, आणि तिथे कबूल केलेले दर संघाच्या दरांहून बरेच कमी. ते ओलांडले की बाकीच्या सदस्यांशी पुन्हा वाटाघाटी आणि भरपाईचे दावे आलेच. ती डोकेदुखी बिश्केकची, मॉस्कोची नाही.

मुलुंडकर: म्हणजे मग माझं म्हणणं चुकलं कुठे?

वाशीकर: बाजारावर चुकलं. गिरगावकर म्हणतात ते बरोबर, तो आधीच आटत होता.